‘मोहीम’ आणि ‘डाव’ : अंतराळवार्ता व जुने व्हिडिओ खेळ यांच्या रूपबंधाविषयी

जुन्या व्हिडिओ खेळांचे आकर्षण अद्याप का टिकून आहे, या प्रश्नाला ‘स्मरणरंजन’ हे उत्तर इतक्या सहजपणे दिले जाते की मूळ प्रश्नाचा विचार तेथेच थांबतो. ठाण्या-डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरांत ज्यांनी दूरदर्शन संचाला यंत्र जोडून, कॅसेटच्या तोंडात फुंकर मारून, एका कॅसेटमधल्या चौसष्ट खेळांतून ‘गॅलॅक्सियन’ निवडला, त्यांच्यापुरते हे उत्तर काही अंशी खरे असेलही. परंतु ती यंत्रे कालबाह्य झाल्यानंतर जन्मलेली मुलेही आज हेच खेळ हातातल्या फोनवर खेळतात. त्यांच्यापाशी स्मरण नाही. रंजन मात्र आहे. कलाकृतीच्या टिकाऊपणाचे कारण आस्वादकाच्या चरित्रात नव्हे, तर कृतीच्या घडणीत शोधावे, हा आग्रह मराठी समीक्षेने साहित्याच्या बाबतीत अनेक दशके धरला. खेळाचा विषय निघताच तो विसरला जावा, याला कारण नाही.

या खेळांचा अंतराळवार्तेशी असलेला संबंध जन्मजात आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक आकाशात गेला. पाचच वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी संगणकाच्या पडद्यावर दोन याने एकमेकांशी लढवली. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि त्याच वर्षी जिम स्टोरर या शाळकरी मुलाने चंद्रावर उतरण्याचा खेळ लिहिला. त्यात चित्र नव्हते, केवळ आकडे होते. १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’, १९७९ चे ‘लुनार लँडर’ आणि ‘अ‍ॅस्टरॉइड्स’ ही पुढची परंपरा. खेळाने विषय वार्तेकडून घेतला, हे उघड आहे. कथनाचा घाट मात्र त्याने वार्तेकडून घेतला नाही, आणि विवेचनाचा खरा विषय हाच आहे.

‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये परग्रहवासीयांच्या रांगा डावीउजवीकडे सरकत खाली उतरतात. खेळणारा त्यांना टिपत जातो तसतशी उरलेल्यांची गती वाढते. ही गती निर्माता तोमोहिरो निशिकादो याने मुळात योजिलेली नव्हती. पडद्यावरील आकृती कमी झाल्या की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेल्या आपोआप वेगाने हलू लागत. निशिकादोने हा दोष काढून न टाकता ठेवून दिला. माध्यमाची मर्यादा रूपतत्त्वात परिणत झाल्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. खाली उतरत जाणाऱ्या चार स्वरांची आवृत्तीही त्याबरोबर द्रुत होत जाते. मर्ढेकरांनी सौंदर्याचे घटक म्हणून मांडलेले संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन प्रकार येथे लावून पाहता येतात. संवाद आहे, विरोध तर आहेच. समतोल मात्र मुद्दाम नाकारला आहे. एक रांग संपली की दुसरी येते. जिंकण्याची सोयच या खेळात नाही. तीन जीव मिळतात, ते जातात, आणि उरतो तो आकडा. पराभव निश्चित असूनही पुन्हा हात पुढे होतो. जुन्या खेळाची ही घडण स्मरणरंजनाच्या गोडव्यापेक्षा शोकात्मिकेला अधिक जवळची आहे.

याउलट मराठीत अंतराळवार्ता अवतरते ती बखरीच्या गद्यात. ‘चांद्रमोहीम’ हा शब्दच पाहावा. अरबी मुळाचा, फारसीवाटे आलेला आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत रुळलेला ‘मोहीम’ हा शब्द आपल्याबरोबर ‘कूच’, ‘स्वारी’, ‘फत्ते’ असे सगळे लष्कर घेऊन येतो. दुसऱ्या बाजूने ‘यान’ आणि ‘अवतरण’ हे शब्द पुराणाची छाया आणतात. शब्दांची अशी श्रीमंती असणे वाईट नाही. पण तिची किंमत द्यावी लागते. मोहीम एक तर फत्ते होते किंवा फसते. फसलेल्या मोहिमेचे काय करावे, हे या गद्याला उमगत नाही.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे याचा प्रत्यय आला. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रपृष्ठाकडे उतरत असताना पडद्यावर होती ती ठरलेली वक्ररेषा, तिच्यावरून सरकणारा हिरवा ठिपका आणि उंचीचे व वेगाचे आकडे. ‘लुनार लँडर’ची सामग्री याहून वेगळी नाही : उंची, आडवा वेग, उभा वेग, इंधन. ठिपका रेषेपासून ढळला आणि थांबला. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सर्व सुरळीत होते, असे इस्रोने जाहीर केले. त्यानंतर संपर्क तुटला. तो थांबलेला ठिपका हा त्या रात्रीचा सर्वांत अर्थगर्भ क्षण होता. वार्तेने मात्र तो फार काळ धरला नाही. त्याच सकाळी पंतप्रधानांनी इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांना दिलेल्या आलिंगनात तिला आपला शेवट सापडला आणि करुणाचे रूपांतर वीरात झाले.

शास्त्रज्ञांचे चिंतन या गद्याच्या वाटेने गेले नाही. चांद्रयान-३ ची आखणी यशावर नव्हे तर अपयशावर आधारलेली आहे, असे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ च्या जुलैत सांगितले. काय काय बिघडू शकेल याची यादी आधी आणि यान नंतर. उतरण्याची नियोजित जागा आधी पाचशे मीटर लांबीरुंदीची होती, ती आता चार किलोमीटर बाय २.४ किलोमीटर झाली. सोबत इंधनही अधिक दिले गेले. हा ‘मोहिमे’चा विचार नव्हे, हा ‘डावा’चा विचार आहे. मागचा डाव कोठे गेला हे ध्यानात ठेवून पुढचा मांडणे, ही खेळणाऱ्याची रीत आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी विक्रम सुखरूप उतरला तेव्हा वार्तेला तिची फत्ते मिळाली, पण त्या यशाची घडण वार्तेच्या शब्दकोशात नव्हती.

येथे एक आक्षेप संभवतो. खेळातला जीव नाण्याने परत मिळतो. यान कोसळते ते खरोखर कोसळते. या दोहोंची तुलना करणे म्हणजे गंभीर गोष्टीचे पोरखेळात रूपांतर करणे नव्हे काय? आक्षेप गैरलागू नाही. मात्र त्यामागे खेळ आणि गांभीर्य परस्परविरोधी आहेत असे गृहीत आहे, आणि ते मराठी परंपरेला मानवणारे नाही. संतकवींनी हमामा, हुतुतू, विटीदांडू यांची रूपके परमार्थासाठी वापरली. ग्रंथांपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. ठाण्यातील टेंभी नाका पुरेसा आहे. आनंद दिघे यांच्या काळात नावारूपाला आलेल्या तेथील दहीहंडीत पडणे खरे असते. गोविंदा जखमी होतात, रुग्णालयात जातात. तरीही तो खेळच आहे. पथकाचे कौशल्य केवळ हंडी फोडण्यात मोजले जात नाही. ‘सलामी’ देताना हंडीला हातही न लावता थर रचायचे असतात आणि क्रमाने, एकेक करून, सुखरूप उतरायचे असते. जाणकार प्रेक्षक श्वास रोखतो तो उतरताना. थर कोसळला तर पथक पुन्हा उभे राहते; त्याला ‘मोहीम फसली’ असे कोणी म्हणत नाही. २०२३ ची दहीहंडी ७ सप्टेंबरला, म्हणजे पहिला विक्रम हरवल्याच्या तारखेलाच आली, हा निव्वळ योगायोग. पण चंद्रावर उतरण्याचे वर्णन करण्यासाठी बखरीकडे धावणाऱ्या भाषेपाशी अवरोहणाचा एवढा नेमका शब्द आधीच होता, ही गोष्ट योगायोगाची नाही.

मराठी विज्ञानकथेकडूनही या बाबतीत फारसे साहाय्य झालेले नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेपासून जयंत नारळीकरांनी या प्रकाराला प्रतिष्ठा दिली, हे निर्विवाद. तथापि त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळ लेखनात संकट येते ते उकलण्यासाठी. उकल झाली की कथा मिटते. न उकलणाऱ्या, पुन्हा पुन्हा खेळाव्या लागणाऱ्या डावाचे कथन तेथे अपवादानेच आढळते.

‘लुनार लँडर’चा एक विशेष अखेरीस नोंदवावयास हवा. सुखरूप उतरणे हा त्या खेळाचा शेवट नसतो. गुण मिळतात आणि उरलेल्या इंधनावर पुन्हा उतरावे लागते. इंधन संपले की खेळ संपतो. ३ सप्टेंबर २०२३ रोजी, सारे सत्कारसोहळे आटोपल्यानंतर, चंद्रावरच्या विक्रमने आपली इंजिने पुन्हा चालू केली, सुमारे चाळीस सेंटिमीटर वर उचलला गेला आणि तीस-चाळीस सेंटिमीटर पलीकडे परत उतरला. इस्रोने त्यासाठी योजिलेल्या इंग्रजी शब्दाला ‘मोहिमे’च्या परिभाषेत प्रतिशब्द सापडेना. बहुतेकांनी साधे ‘उडी’ म्हटले.