दुसरे घर : व्हिक्टोरियन कादंबरीतील पत्नीचे पलायन आणि रखमाबाईंचा नकार

पतीचे घर सोडणाऱ्या पत्नीचा विषय निघाला की मराठी समीक्षेला प्रथम इब्सेनची नोरा आठवते. 'अ डॉल्स हाउस' हे नाटक १८७९ चे. अनंत काणेकरांच्या 'घरकुल'मधून ते मराठी रंगभूमीवर आले आणि दार ओढून बाहेर पडणारी स्त्री मराठी वाचकाच्या मनात त्या एका प्रतिमेत स्थिरावली. वस्तुतः त्याच्या एकतीस वर्षे आधी, १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅन ब्राँटेच्या 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' या कादंबरीतील हेलन हंटिंग्डन आपल्या लहान मुलाला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघून गेली होती. नोराचे नाटक दार बंद होताच संपते. हेलनची कादंबरी मात्र निघून आलेली स्त्री कोठे राहते, काय खाते आणि शेजारी तिच्याविषयी काय बोलतात, येथून सुरू होते. पत्नीचे पलायन हा धैर्याच्या क्षणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, 'दुसऱ्या घरा'चा प्रश्न आहे, हे या कादंबरीने ओळखले होते. तिचे हे वैशिष्ट्य ध्यानात घेऊन मुंबईतील रखमाबाईंचा खटला आणि त्याच काळातील मराठी कादंबरी यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हेलनचा पती आर्थर हंटिंग्डन हा मद्यपी व व्यभिचारी जमीनदार आहे. मुलासह आणि आपल्या उरलेल्या संपत्तीसह जाऊ द्यावे, अशी मागणी ती प्रथम त्याच्याकडेच करते. तो नकार देतो. त्यानंतर तिची तयारी सुरू होते, आणि कादंबरीचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. चित्रकला हा तिचा छंद. तो आता चरितार्थाचे साधन व्हावा म्हणून ती गुपचूप चित्रे रंगवू लागते. पती तिची रोजनिशी हिसकावून वाचतो, बेत उघडकीस येतो. तो तिचे कुंचले, रंग व फळ्या आगीत टाकतो, तिच्याकडून किल्ल्या मागून घेतो, पैसे व दागिने काढून नेतो आणि पुढे हातखर्चासाठी ठरावीक रक्कम देण्याचे जाहीर करतो. तो तिच्यावर हात उगारत नाही. केवळ तिची मिळकतीची साधने नष्ट करतो. अत्याचाराचे इतके अचूक आर्थिक वर्णन त्या काळच्या इंग्रजी कादंबरीत क्वचितच आढळेल.

अखेर हेलन निघते ती भाऊ फ्रेडरिक लॉरेन्स याने वाइल्डफेल हॉल या पडक्या वास्तूतील काही खोल्या राहण्याजोग्या करून दिल्यावर. सोबत रेचेल ही जुनी दासी आहे. हेलन आईचे माहेरचे नाव धारण करते. लंडनमध्ये विकायला पाठवलेल्या चित्रांवर खोटी आद्याक्षरे घालते आणि वाइल्डफेल हॉलच्या चित्राला दुसऱ्याच वास्तूचे व परगण्याचे नाव देते, जेणेकरून चित्राच्या मागावर पती येऊ नये. भाऊ, घर, दासी, कसब, टोपणनाव यांतील एक जरी कमी असते तरी पलायन फसले असते. एवढे करूनही गावात कुजबुज होतेच : मुलाचा चेहरा लॉरेन्ससारखा का दिसतो?

ही लपवाछपवी कथानकाच्या रंजकतेसाठी नाही. कादंबरीतील पलायन १८२७ सालचे आहे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची मिळकत कायद्याने पतीची होती आणि मुलावर हक्क पित्याचा होता. लहान मुलांच्या ताब्यासाठी आईला अर्ज करण्याची मर्यादित मुभा १८३९ मध्ये मिळाली. घटस्फोटाचे न्यायालय १८५७ च्या कायद्याने आले आणि तेथेही पत्नीला केवळ पतीचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. म्हणजे हेलन कायद्याच्या दृष्टीने पतीचा मुलगा व पतीचेच पैसे घेऊन पळालेली आहे. या पेचातून लेखिकेलाही वाट काढता येत नाही. हंटिंग्डन आजारी पडतो, हेलन शुश्रूषेसाठी परत येते, तो मरतो, मग ती मोकळी होते. व्हिक्टोरियन कादंबरीची ही जुनी सोय आहे : 'द वुमन इन व्हाइट'मधील सर पर्सिव्हल आगीत जळतो, 'डॅनियल डेरोंडा'मधील ग्रँडकोर्ट बुडतो. जिथे कायदा दार उघडत नाही तिथे कादंबरीकार पतीला मारून ते उघडतो. अ‍ॅनची ही तडजोड क्षम्य मानली पाहिजे. अठ्ठावीस वर्षांच्या लेखिकेने त्यापूर्वी जे सांगितले तेच समकालीन परीक्षकांना सोसवले नव्हते, आणि १८४९ मध्ये ती वारल्यावर खुद्द शार्लटने या कादंबरीचे पुनर्मुद्रण होऊ दिले नाही.

पती जिवंत, हट्टी आणि न्यायालयात उभा असेल तर काय, हा प्रश्न इंग्रजी कादंबरीने टाळला. तो मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राहिला. रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत, हा हेलनच्या कथेशी असलेला मूलभूत फरक विसरता कामा नये. त्यांचे पलायन हे उंबरठा ओलांडण्यापूर्वीचे आहे. दादाजींनी १८८४ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा लावला. न्या. पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. अपिलात प्रकरण फेरविचारासाठी परत आले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी एका महिन्यात पतीकडे जा अन्यथा सहा महिने कारावास, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शवली. दाव्याचे हे स्वरूप हिंदू धर्मशास्त्रातले नव्हते, इंग्लंडच्या धार्मिक न्यायालयांतून आलेले होते. आणि असा हुकूम न पाळल्याबद्दलची कैद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली होती. 'केसरी'ने परंपरेच्या बाजूने ज्याची पाठराखण केली ती ही विलायती परंपरा होती.

रखमाबाईंनाही दुसरे घर होते : आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचे. जन्मदात्या पित्याची मालमत्ताही त्यांच्या नावे होती. हेलन नाव बदलते. रखमाबाईंनी १८८५ मध्ये वृत्तपत्रातील पत्रांखाली 'एक हिंदू स्त्री' एवढीच सही केली, पण न्यायालयात त्या स्वतःच्या नावानिशी उभ्या राहिल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. नंतर त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घ काळ सेवा केली.

पैसे देऊन पती दूर करण्याचा हा शेवट कोणत्या कादंबरीकाराला शोभला असता? डिकन्सने तो लिहिला होता, पण विनोदाच्या अंगाने. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधील बेट्सी ट्रॉटवुड मारकुट्या नवऱ्याला रक्कम देऊन विभक्त होते आणि तो ती घेऊन हिंदुस्थानात जातो. पुढे तो परतून पुन्हा पैसे उकळत राहतो, हे फार उशिरा कळते. पहिल्या प्रकरणातील हास्य तेव्हा घशात अडकते.

दोन हजार रुपयांच्या तडजोडीनंतर दोनच वर्षांनी हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. हेलनच्या रोजनिशीप्रमाणे येथेही स्त्री स्वतःच आपली हकीकत सांगते. यमूचा पती सुजाण आहे. छळ आहे तो एकत्र कुटुंबाचा. मुंबईतील बिऱ्हाड हे तिचे दुसरे घर, पण ते पतीच्या आयुष्याइतकेच टिकते. व्हिक्टोरियन नायिका पतीच्या मृत्यूने सुटते. यमू त्याच मृत्यूने सासरच्या हाती पडते आणि तिचे केशवपन होते. एकच घटना दोन समाजांत किती उलट अर्थ धारण करते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही मिळणार नाही. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मार्च १८८९ मध्येच मुंबईत सुरू झाले होते, पण असे घर यमूच्या वाटेवर येत नाही. आपट्यांची दृष्टी इथे तोकडी पडली असे म्हणण्यापेक्षा, बहुसंख्य स्त्रियांबाबत ती खरी होती असे म्हणणे न्याय्य ठरेल.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात, जिथे पुष्कळ कुटुंबे एकाच खोलीत राहतात, 'दुसरे घर' हा शब्दच चैनीचा वाटतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने प्रश्न उलटा मांडला : स्त्रीने घर शोधत न जाता, आहे त्याच सामायिक घरात राहण्याचा हक्क तिला दिला. याउलट वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूद इंग्लंडने १९७० च्या कायद्याने रद्द केली तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये ती कायम आहे. या पार्श्वभूमीवर येथील वर्गात हेलनची कथा शिकवायची झाल्यास अभ्यासासाठी पलायनाच्या पहाटेचे प्रकरण न निवडता त्याआधीचे, कुंचले जाळल्याचे निवडावे. कपाटाची, मेजाची, खणांची अशा कोणकोणत्या किल्ल्या हेलनच्या हातून जातात, हे विद्यार्थिनींना कोणत्याही टीपेविना कळेल.