अमेरिकन यादवींतील व्यापारी खुर्दा : संग्राहकांच्या मूल्यदृष्टीचें परीक्षण

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळीं (१८६१–१८६५) व्यापाऱ्यांनीं काढलेल्या तांब्याच्या बिल्ल्यांचा संग्रह करण्याची परंपरा जुनी आहे. हेट्रिक व गुटाग यांची सूचि १९२४ सालीं निघाली. पुढें जॉर्ज व मेल्व्हिन फुल्ड यांनीं १९७२ मध्यें दुकानदारांच्या बिल्ल्यांची सूचि छापिली. तिचीच क्रमांकपद्धति संग्राहक आज वापरितात. संस्थान, गांव, दुकान व ठसा या क्रमानें केलेली तिची मांडणी सुबोध असून कर्त्यांचे श्रम स्तुत्य आहेत.

परंतु तिच्या आधारें जी मूल्यकल्पना रूढ झाली, ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. फुल्डांच्या दुर्मिळतेच्या दहा पायऱ्यांपैकीं पहिलीवर पांच हजारांहून अधिक नग उपलब्ध असलेले बिल्ले, तर दहावीवर एकुलता एक नग. संग्राहकांची धांव अर्थातच वरच्या पायऱ्यांकडे. शिवाय झीज म्हणजे दोष, अशी त्यांची समजूत. पण वर पुष्कळदां काय सांपडतें? नेहमींचाच ठसा रुप्यावर किंवा कथिलासारख्या पांढऱ्या धातूवर उठविलेला. असे कित्येक नग त्या काळींहि हौशी संग्राहकांकरितांच पाडले जात. ते बाजारांत फिरलेच नाहींत.

बिल्ल्यांचा जन्म तर बाजाराच्या अडचणींतून झाला. १८६१ च्या अखेरीस बँकांनीं सोन्यारुप्यांत देणीं फेडणें थांबविलें. १८६२ मध्यें रुप्याचा खुर्दा नाहींसा झाला व लोकांनीं तांबें-निकेलचे सेंटहि दडविले. खुर्द्यावांचून दुकानदार अडला. म्हणून सिन्सिनाटी, न्यूयॉर्क इत्यादि शहरांत, विशेषतः १८६३ सालीं, सेंटाच्याच आकाराचे बिल्ले निघाले. कांहींवर ‘एक सेंट’ हे शब्द ठळक, आणि त्यांवर अगदीं बारीक अक्षरांत ‘नव्हे’! खोट्या नाण्याच्या आरोपांतून सुटण्याची ही युक्ति. वैयाकरण ‘नञ्’चे सहा अर्थ सांगतात, त्यांत सादृश्य हा एक, येथें तोच घ्यावयाचा. जें सेंट नव्हे, पण सेंटासारखें! गिऱ्हाइकानेंहि तोच अर्थ लाविला, म्हणून व्यवहार चालला. १८६४ च्या एप्रिल व जूनमधील कायद्यांनीं सरकारनें ही वाट बंद केली.

तेव्हां हातोहातीं फिरून गुळगुळीत झालेला पहिल्या पायरीचा बिल्ला हाच त्या टंचाईचा प्रत्यक्ष साक्षी होय. चकचकीत रुपेरी नग फार तर ठसे खोदणाऱ्याच्या जोडधंद्याची साक्ष देईल. यापुढील सूचिकारांनीं हे दोन वर्ग पृथक् ठेवावे, आणि नगाची झीज व प्राप्तिस्थान यांची आवर्जून नोंद करावी. दुर्मिळतेनें लिलावांतील किंमत खुशाल ठरवावी. प्रामाण्य ठरविण्याचा अधिकार तिला नाहीं.