‘लीलावती’ आणि पाठांतर

पाचोऱ्याच्या बाजारांत क्विंटलच्या भावावरून पंचवीस किलो कापसाची किंमत तोंडीं सांगणारा मुलगा वर्गांत व्याजाचें सूत्र विसरला म्हणून मुकाट बसतो. याचा दोष आमच्याकडील विद्वान् जुन्या पाठांतरावर, आणि पर्यायानें ‘लीलावती’वर (११५०) ठेवितात. तो आम्हांस मान्य नाहीं. पाचोऱ्याहून फार दूर नसलेल्या, चाळीसगांवजवळच्या पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला; १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. तेथें काय केवळ सूत्रेंच घोकविलीं जात असतील?

भगवंतानें विश्व व्यापावें तसें त्रैराशिकानें गणित व्यापिलें आहे, असें ग्रंथकार स्वतःच सांगतो. व्याज काय, मालाची अदलाबदल काय, सारीं त्याचींच रूपें. ही एक कल्पना उमगली कीं बाजारांतला हिशेब आणि वर्गांतलें व्याज यांमधील भिंत उरत नाहीं. आमचीं पाठ्यपुस्तकें मात्र शेकडेवारी, व्याज, नफातोटा यांचीं वेगळालीं दालनें करितात.

ग्रंथांत उणें आहे, तें निराळें. नियमांची उपपत्ति मूळ श्लोकांत बहुधा नाहीं. ती गणेश दैवज्ञांनीं १५४५ त ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेंत दिली. ‘कां’ हें सांगणारा गुरु भास्कराचार्यांनीं गृहीत धरिला होता. आम्हीं त्या गुरूच्या हातीं वेळापत्रक दिलें आहे.