विजेची भविष्यचित्रे आणि अर्जुनी मोरगाव

पुढच्या दहा वर्षांत विजेची मागणी किती वाढेल, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी त्रैराशिक मांडतील. मागच्या दहा वर्षांत इतकी वाढली, मग पुढच्या दहा वर्षांत तितकी वाढेल. गंमत अशी की, देशाच्या विजेचे नियोजन करणारी तज्ज्ञ मंडळीही बराच काळ याहून फार वेगळे काही करत नव्हती. त्यांची आकडेमोड बारीक होती, कोष्टके मोठी होती; पण उद्याचा समाज हा कालच्या समाजाचीच वाढलेली आवृत्ती असेल, हे गृहीत मात्र तेच होते.

हा अंदाज बांधावा लागतो, कारण वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अवघड आणि महाग असते. ज्या क्षणी बटण दाबले जाते, त्याच क्षणी ती कुठेतरी निर्माण व्हावी लागते. औष्णिक केंद्र उभारायला पाच-सहा वर्षे जातात आणि उभारले की ते पंचवीस-तीस वर्षे चालते. म्हणजे आज जो अंदाज बांधला जातो, त्याचे हप्ते आज पाचवीत असलेला विद्यार्थी चाळिशीला येईपर्यंत वीजबिलातून भरत राहतो. तेव्हा हा अंदाज कसा बांधतात आणि त्यात कोण दिसते, कोण दिसत नाही, हे तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

अंदाज आणि वास्तव

आपल्या देशात केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरावीक वर्षांनी विजेच्या मागणीची पाहणी प्रसिद्ध करते. २०११ च्या अठराव्या पाहणीने असे सांगितले की, २०२१-२२ मध्ये देशाची कमाल मागणी सुमारे २,८३,००० मेगावॉट होईल. २०१७ च्या एकोणिसाव्या पाहणीने त्याच वर्षाचा आकडा सुमारे २,२६,००० मेगावॉटवर आणला. प्रत्यक्षात २०२१-२२ मधील कमाल मागणी सुमारे २,०३,००० मेगावॉट होती. करोनाच्या साथीचा परिणाम यात थोडाफार असेल. पण निम्म्याहून अधिक घट तर साथीच्या कितीतरी आधी, २०१७ मध्येच मान्य करावी लागली होती.

पहिला अंदाज आणि वास्तव यांतले अंतर ८०,००० मेगावॉटचे आहे. हे किती मोठे, ते गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकांना लगेच कळेल. तिरोड्याचे औष्णिक केंद्र ६६० मेगावॉटच्या पाच संचांचे, म्हणजे ३,३०० मेगावॉटचे आहे. तशी चोवीस केंद्रे या अंतरात मावतात. मार्च २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीत आलेल्या ३४ कोळसा-प्रकल्पांचा विचार केला. त्यांची एकत्रित क्षमता ४०,००० मेगावॉटच्या आसपास होती. त्यांच्या अडचणीची कारणे अनेक होती, कोळशाचा पुरवठा हे त्यांतलेच एक; पण तयार वीज विकत घेण्याचा करार करायला कुणी नाही, हेही मोठे कारण होते.

महाराष्ट्राने हा धडा त्याआधीही गिरवला होता. दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. उद्योग वाढतील, मागणी वाढेल आणि महाग वीजही खपेल, अशी एकच कथा त्यामागे होती. प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले. त्यानंतर चार-पाच वर्षांतच राज्यात भारनियमनाचे मोठे पर्व आले. एकाच राज्यात आधी वीज नको म्हणावे लागते आणि मग अंधारात बसावे लागते, हे कसे? उत्तर असे की, ‘मागणी’ हा काही पाऊस नव्हे, की पर्जन्यमापकात मोजला आणि झाले. कोणत्या दराला, कोणत्या वेळी आणि कुणाच्या खिशातून, हे सांगितल्याशिवाय मागणीच्या आकड्याला अर्थ नसतो.

एक आकडा की अनेक चित्रे?

एकाच आकड्यावर विसंबण्याऐवजी दोन-चार वेगवेगळी भविष्ये कल्पून प्रत्येकात काय घडेल ते पाहावे, हा विचार यातून पुढे येतो. अशा प्रत्येक कल्पनेला आपण ‘भविष्यचित्र’ म्हणू. शेल या तेल कंपनीत पिअर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत अशी चित्रे तयार केली. तेल एकाएकी महाग होऊ शकते, ही शक्यता त्यांत होती; १९७३ च्या अखेरीस ती खरी ठरली. भविष्यचित्र म्हणजे भाकीत नव्हे. ‘असे होईल’ असे ते सांगत नाही, ‘असे झाले तर?’ असे विचारते.

आपल्याकडे या विचाराला अधिक खोल वळण दिले ते बंगळूरच्या प्रा. अमूल्य रेड्डी यांनी. कर्नाटकासाठी १९९१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे चित्र मांडले, त्यात सुरुवात विजेपासून केलेली नव्हती. घरात उजेड, शेताला पाणी, कारखान्याला गती या गरजा आधी मोजायच्या, त्या कमीत कमी विजेत कशा भागतील ते पाहायचे आणि शेवटी केंद्रे किती हवीत ते ठरवायचे. सर्व घरांना वीज देऊनही त्यांचा आकडा सरकारी समितीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी निघाला. लोकांना वीज कशासाठी हवी, हा प्रश्न आधी विचारल्याने उत्तर इतके बदलले.

आज देशोदेशी वीजबाजाराची जी संगणकीय प्रारूपे तयार होतात, त्यांना अशी भविष्यचित्रे पुरवावी लागतात. आपल्याकडे वीज-विनिमय केंद्राचा व्यवहार २००८ मध्ये सुरू झाला. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागाचा भाव तेथे ठरतो. प्रारूपाला म्हणूनच लोकसंख्या, उत्पन्न, शेती, उद्योग, हवामान यांचे आकडे लागतात. आमची टीका प्रारूपाच्या गणितावर नाही. ते गणित बहुधा चोख असते. आमची टीका त्याला पुरवल्या जाणाऱ्या समाजचित्रावर आहे. ते चित्र एखाद्या तालुक्यावर ठेवून पाहिले की त्यातल्या फटी दिसू लागतात. आम्ही त्यासाठी अर्जुनी मोरगाव निवडले आहे.

पहिली फट : ‘शेतीपंप’ नावाचा एकच ग्राहक

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा हा तालुका धानाचा आणि तलावांचा. नवेगाव बांध याच तालुक्यात आहे, गाढवी नदीवरचे इटियाडोह धरणही येथेच आहे. गावोगावी मामा तलाव आणि बोड्या आहेत. पाहणीच्या कोष्टकात मात्र येथला शेतकरी ‘शेतीपंप’ या एकाच रकान्यात बसतो. जोडण्यांची संख्या गुणिले सरासरी वापर, झाली मागणी.

आता पाच अश्वशक्तीचा एक पंप घेऊ. मोटारीतील ऊर्जानाश धरून तो सोयीसाठी ४ किलोवॉट वीज घेतो असे मानू. दिवसाला आठ तास चालला तर ३२ युनिट. खरिपात पावसाने दडी मारली आणि धान निसवण्याच्या वेळी बांधीत पाणी द्यावे लागले, तर तो तीस दिवस चालेल : ९६० युनिट. त्याच शेतकऱ्याने उन्हाळी धान घेतला, तर तो आणखी १२० दिवस चालेल : ३,८४० युनिट. पंप तोच, जोडणी तीच, वापर मात्र पाचपट.

उन्हाळी धान घ्यायचा की नाही, हे कशावर ठरते? तलावात आणि धरणात पावसाळ्यानंतर पाणी किती उरले, ते कालव्याला सोडायचे ठरले का, धानाची सरकारी खरेदी होणार का आणि हमीभाव काय, यांवर. २०२४-२५ मध्ये साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. म्हणजे एप्रिलमधली विजेची मागणी आदल्या सप्टेंबरच्या पावसात आणि धानाच्या खरेदी केंद्रावर ठरते. ‘राष्ट्रीय उत्पन्न साडेसहा टक्क्यांनी वाढले तर’ या वाक्याने सुरू होणाऱ्या भविष्यचित्रात ही साखळी कुठेच येत नाही.

आणखी एक गोष्ट. ज्या पंपांना मीटर नाही, त्यांचा वापर अंदाजाने लिहिला जातो. राज्य वीज मंडळ आपली वहनातील व वितरणातील गळती अनेक वर्षे १८ टक्क्यांच्या आसपास दाखवत असे. नियामक आयोगापुढे छाननी सुरू झाल्यावर ती ३० टक्क्यांच्या वर निघाली. फरकाचा मोठा भाग पंपांच्या नावावर लिहिला गेला होता. वहीत जो भूतकाळ आहे तोच चुकीचा असेल, तर त्यावरून काढलेले भविष्य बरोबर कसे येणार?

दुसरी फट : मिळाले तेवढेच मागितले

विजेची मागणी मोजतात ती पुरवलेल्या विजेवरून. भारनियमनात कापलेल्या विजेचा अंदाज त्यात मिळवतात खरा. पण जे घर वीज नाही म्हणून पंखाच विकत घेत नाही, त्याची गरज कोणत्याच वहीत उमटत नाही.

शब्दांच्या व्याख्याही येथे आड येतात. १९९७ पूर्वी गावाच्या शिवारात कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव ‘विद्युतीकृत’ होई. शिवारातला एखादा पंपही त्याला पुरे. २००४ पासून निदान दहा टक्के घरांत वीज असावी अशी अट आली. म्हणजे नव्वद टक्के घरे अंधारात असली तरी गाव उजळलेच. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातले शेवटचे गाव उजळले असे जाहीर झाले, तेव्हाही घराघरात वीज नेण्याचे काम बाकी होते.

वेळेचेही तसेच. आठवड्याचे काही दिवस आठ तास दिवसा आणि काही दिवस दहा तास रात्री, असा शेतीच्या फीडरचा पुरवठा राज्यात वर्षानुवर्षे चालत आला. बाजाराच्या प्रारूपात याला ‘हलवता येणारी मागणी’ म्हणतात. कागदावर हा मोठा गुण आहे. पण नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात रात्री दोन वाजता पंप सुरू करायला बांधावरून जावे लागते, तेव्हा साप, अस्वल, वाघ यांचे भय त्या ‘हलवण्या’ची किंमत असते. ती कुठल्याही समीकरणात नाही.

तिसरी फट : रुपयाची मोजपट्टी

तिसरी फट आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. बाजाराचे प्रारूप कोणाची गरज मोठी हे रुपयांत मोजते. जो युनिटला दहा रुपये देऊ शकतो त्याची मागणी खरी, जो दोनच देऊ शकतो त्याची मागणी आपोआप गळते. शहरातल्या दुकानाच्या पाटीचा उजेड आणि फेब्रुवारीत दहावीच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीचा उजेड यांत प्रारूप फरक करते. पण तो उलट्या बाजूने करते.

ही केवळ शंका नाही. राज्यातल्या भारनियमनाच्या काळात फीडरांचे ‘अ’पासून ‘ग’पर्यंत गट पाडले गेले. गळती जास्त आणि वसुली कमी, तेथे अंधाराचे तास जास्त. वीज कंपनीच्या बाजूने याला कारण होते; चोरी होते तेथे वीज ओतत राहणे परवडणारे नाही. पण त्यात प्रामाणिकपणे बिल भरणारे घरही शेजाऱ्याच्या हिशेबात बुडाले. आर्थिक निकष एकटाच ठेवला की सामाजिक चित्र असे आपोआप ठरते, कुणी ते मुद्दाम न रेखाटताही.

वर्गात करून पाहा

टीका करून थांबणे शिक्षकांना शोभत नाही. तेव्हा विद्यार्थ्यांकडून एका गावाचे चित्र काढून घ्यावे. समजा, गावात ३०० घरे आणि ६० पंप आहेत. संध्याकाळी प्रत्येक घर २०० वॉट वीज घेते : एकूण ६० किलोवॉट. सारे पंप एकदम चालले तर २४० किलोवॉट.

पहिले चित्र : पंप संध्याकाळीच चालतात. गावाला ३०० किलोवॉटची सोय लागेल. दुसरे चित्र : पंप दिवसा, सौरऊर्जेवर, दोन पाळ्यांत चालतात. कमाल भार १२० किलोवॉटवर येतो. युनिट मात्र एकही कमी झालेले नाही. तिसरे चित्र : वीस घरांत प्रत्येकी दीड किलोवॉटचे वातानुकूलन यंत्र येते. संध्याकाळच्या ६० किलोवॉटचे ९० होतात. वीस घरांनी तीनशे घरांचा भार दीडपट केला. आता विचारा : डीपी मोठी करण्याचा खर्च कुणी द्यावा? या प्रश्नाचे उत्तर गणिताच्या वहीत सापडत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या ते लक्षात आले की धडा पुरा झाला.

त्यानंतर विद्यार्थ्यांनी आपल्या गावात चौकशी करावी. उन्हाळी धान किती बांध्यांत आहे, डीपी जळाली तर किती दिवसांनी बदलते, मिल कोणत्या महिन्यांत चालते, मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक असते तेव्हा वीज कुठून येते. अशी शंभर गावांची उत्तरे जमली, तर ती एखाद्या जाड अहवालाला पूरक ठरतील.

राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे. दिवसा वीज देण्याचे आश्वासन तिच्यामागे आहे. धानाच्या पट्ट्यात हा मेळ चांगला बसू शकतो, कारण खरिपात पंप लागतो तो पाऊस नसताना, आणि पाऊस नसतो तेव्हा ऊन असण्याची शक्यता अधिक. पण किती पंप, कोणत्या महिन्यांत, किती तास, हे गावाला विचारूनच ठरवावे लागेल.

भविष्यचित्र काढणाऱ्याला आम्ही एवढेच सांगू. तुमच्या प्रारूपात ९६ भागांचा दिवस आहे, हे चांगले आहे. त्या ९६ भागांतल्या कोणत्या भागात कोण जागे असते, हेही त्यात लिहा.