शिंदे घराण्याचा गळा आणि मराठी लोकप्रिय गाणे

मराठी गाण्याविषयीची आपली समीक्षा नाट्यपदापासून निघते, भावगीतापाशी रमते आणि चित्रपटगीताशी येऊन थांबते. जत्रेत, वरातीत, जयंतीच्या मंडपात आणि रिक्षातल्या टेपवर जे गाणे वाढले, त्याला या प्रवासात क्वचितच जागा मिळते. आनंद शिंदे यांच्या कारकिर्दीकडे पाहिले की ही उणीव खुपते. ऐंशीच्या दशकापासून हा गळा महाराष्ट्राला नाचवतो आहे; तरी त्याच्या गायकीबद्दल गंभीरपणे लिहिलेले शोधावेच लागते.

हा गळा समजून घ्यायचा तर सुरुवात आनंद यांचे वडील प्रल्हाद शिंदे यांच्यापासून करावी लागते. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे, म्हणजे संत चोखोबांच्या गावचे. दत्ता पाटील यांचे शब्द आणि मधुकर पाठक यांची चाल असलेले ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ त्यांनी गायले आणि ते वारीच्या वाटेवरचे होऊन गेले. हाच माणूस कव्वालीही गात होता आणि भीमगीतेही. आषाढीला विठ्ठलाच्या देवळाबाहेर आणि चौदा एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, निळ्या झेंड्यांच्या मंडपात एकच आवाज लागायचा. मोकळा, छातीतून येणारा, वरच्या पट्टीत न डगमगणारा. मागे ढोलकी-तबला, पेटी आणि कोरस. हजारोंच्या गर्दीत शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचलाच पाहिजे, ही या गायकीची पहिली अट होती. ती कव्वालीच्या सामन्यांनी आणि आंबेडकरी जलशांच्या परंपरेने घडवली होती. 2004 साली वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघेही गेले. एकाच वर्षात या परंपरेचा एक मोठा कवी आणि एक मोठा गळा हरपला.

आनंद आणि मिलिंद या मुलांच्या वाट्याला आले ते कॅसेटचे युग. ध्वनिमुद्रिका महाग होती आणि तिची निवड मोजक्या लोकांच्या हातात होती. कॅसेट स्वस्त होती, टी-सीरिज आणि व्हीनससारख्या नव्या कंपन्यांना सतत नवा माल हवा होता, आणि कामगार वस्त्यांत टेपरेकॉर्डर पोचला होता. या संधीचे सोने आनंद शिंदे यांनी केले. ‘जवा नवीन पोपट हा’ या गाण्याने त्यांना घराघरांत नेले. अशा गाण्यांतली द्व्यर्थता आणि बाईकडे पाहण्याची नजर यांवर टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. मात्र ती टीका शब्दांपाशीच थांबली, गाण्यापर्यंत गेलीच नाही.

गाण्यापर्यंत जायचे तर आवाज ऐकावा लागतो. वडिलांचा मोकळेपणा आनंद यांच्याकडे आला, पण त्याला एक खरखरीत धार मिळाली. ते शब्द ढोलकीच्या बोलासारखा फेकतात. व्यंजनावर ठोका देतात, ओळीचे टोक किंचित ओढून धरतात आणि समेवर नेमके येतात. लहानशा स्पीकरमधूनही शब्द न् शब्द कळतो. मायक्रोफोनसमोर कुजबुजणाऱ्या भावगीताच्या गायकीपेक्षा ही कला वेगळी आहे आणि तितकीच अवघड आहे.

पुढे चित्रपटाने ही कला ओळखली. संगीतकार अजय-अतुल यांनी ‘जत्रा’साठी 2006 मध्ये ‘कोंबडी पळाली’ आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांच्याकडून गाऊन घेतले. 2012 मध्ये ‘अग्निपथ’मध्ये तीच चाल ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर गेली, तेव्हा ती श्रेया घोषाल यांच्या आवाजात होती. चाल हिंदीत गेली, गळा इथेच राहिला. 2016 च्या ‘पोश्टर गर्ल’मध्ये आनंद आणि त्यांचे चिरंजीव आदर्श शिंदे एकत्र गायले. आदर्श यांच्या आवाजात आजोबांची तार आहे, वडिलांचा ठेका आहे आणि नव्या ध्वनिमुद्रणाची जाण आहे. आज मराठी चित्रपटात भक्तीचे किंवा जोशाचे गाणे असले की त्यांची आठवण होते. हे यश खरे आहे. त्याची मर्यादाही खरी आहे: हा गळा दोन ठरावीक भावांपुरता वापरला जातो. दुःख, संशय, प्रेमातले अवघडलेपण यांसाठी संगीतकार दुसरा आवाज शोधतात. संगीतकारांनी ही कल्पनेची कमतरता भरून काढायला हवी.

मराठी लोकप्रिय गाण्याची आजची अवस्था संमिश्र आहे. यूट्यूबमुळे कंपनीच्या दारात उभे राहण्याची गरज संपली. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीते गात लाखोंपर्यंत पोचल्या. जळगावकडच्या संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ 2024 मध्ये महाराष्ट्राबाहेरही वाजले. दुसरीकडे कोरस संपला, ढोलकीवाल्याची जागा तयार लूपने घेतली, आणि डीजेच्या भिंतीपुढे शब्द ऐकू येणे गौण ठरले. ज्या गायकीचा पायाच स्पष्ट शब्द होता, तिच्यासाठी हा बदल धोक्याचा आहे. हक्कांच्या बाबतीत 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गायकांचा मानधनापलीकडचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला. कॅसेटच्या सुगीत गाणाऱ्यांसाठी तो फार उशिरा आला.

माझ्या मते शिंदे हे मराठी लोकप्रिय गायनाचे घराणे आहे आणि त्याला तो मान बिनशर्त द्यायला हवा. भक्तिगीत वर, भीमगीत बाजूला आणि पोपटाचे गाणे खाली, ही उतरंड समीक्षेने रचली. गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी ती कधी पाळली नाही. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या संस्थांनी या घराण्याच्या कॅसेटांची सूची करावी. वेष्टनांवरची गीतकारांची, ढोलकीवाल्यांची, कोरसमधल्यांची नावे टिपावीत. त्यांच्यातले जे हयात आहेत त्यांच्या मुलाखती घ्याव्यात. कॅसेटची फीत दरवर्षी झिजते आहे. हे काम याच पिढीने करायला हवे.