'डीबग' : बंद असलेला लॉग फुकट नसतो

नोड.जेएसमध्ये सर्व्हर लिहीत असाल तर 'डीबग' ही लायब्ररी तुमच्याकडे आहेच. तुम्ही घेतली नसली तरी एक्सप्रेससोबत आली असेल.

काम साधं. प्रत्येक मॉड्यूलला एक नाव द्यायचं. 'डीबग' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जे नाव लिहाल, त्याच्याच ओळी दिसतात. त्या स्टँडर्ड एररवर जातात, म्हणून टेस्ट आउटपुट तपासत असेल तर त्यात भेसळ होत नाही. टर्मिनलवर त्याच नावाच्या मागच्या ओळीपासून किती वेळ गेला तेही कळतं. टेस्ट कुठे रेंगाळते ते शोधायला एवढं पुरतं.

आता तक्रार. लॉग बंद असताना फंक्शन लगेच परत येतं खरं, पण त्याला दिलेली आर्ग्युमेंट्स आधीच तयार झालेली असतात. तिथे मोठ्या ऑब्जेक्टचं जेसन करत असाल, तर ते प्रत्येक रिक्वेस्टला होणारच. ऑब्जेक्ट तसाच द्या, मांडणी फॉरमॅटरवर सोडा. तो लॉग चालू असेल तरच कामाला लागतो.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. ८ सप्टेंबर २०२५ ला फसव्या ईमेलमुळे देखभाल करणाऱ्याचं एनपीएम खातं हातचं गेलं आणि ४.४.२ ही आवृत्ती क्रिप्टो चोरणाऱ्या कोडसह बाहेर पडली. मूळ कोडचा दोष नव्हता. पण दुसऱ्याच्या चार ओळी घेताना त्याच्या खात्याची जोखीमही आपण घेतो.

नोडमध्ये 'युटिल.डीबगलॉग' आहे, आवृत्ती १८ पासून टेस्ट रनरही आहे. नवीन कामात आधी घरातलं वापरून बघा. अपुरं पडलं तर 'डीबग' जरूर घ्या, पण लॉकफाइलसकट.