गुलमंडी आणि शहरवर्णनाची कसोटी

मराठी भाषेंत शहरवर्णनाच्या ग्रंथांचा आरंभ मोठ्या ऐटीनें झाला. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' इ. स. १८६३ त प्रसिद्ध झालें आणि पांचच वर्षांनीं, १८६८ त, नारायण विष्णु जोशी यांनीं 'पुणें शहराचें वर्णन' लिहून देशावरच्या राजधानीची बाजू राखिली. या ग्रंथांस दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं. तथापि मराठवाड्याचें मुख्य शहर, म्हणजे कालचें औरंगाबाद व आजचें छत्रपति संभाजीनगर, यास त्या तोडीचा मराठी वर्णनकार अद्याप लाभला नाहीं, असें आमचें मत आहे. साधनांचा तुटवडा हें याचें कारण खचित नव्हे. साधनें इतकीं आहेत कीं, लिहिणारा त्यांच्या राशींतच गडप व्हावा. उणीव आहे ती मांडणीच्या दृष्टीची. आणि ती दृष्टि कशी असावी, याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

माडगांवकरांचें यश कशांत आहे, हें प्रथम पाहूं. ते मूळचे गोमंतकांतले. मुंबईंत येऊन मुंबईकर झाले. बेटें जोडून भुई कशी झाली, त्या भुईवर कोण कोठून येऊन राहिला, कोणत्या रस्त्यावर काय विकलें जातें, या तिन्ही गोष्टी त्यांच्या लेखणींत एकमेकींचा हात धरून चालतात. त्यांस एक सोयही होती. समुद्रकांठच्या शहराला किनारा असतो. मुंबई घ्या, सुरत घ्या, कीं पार दूरचें मनिला घ्या. गलबत धक्क्याला लागलें म्हणजे भूगोल, लोक आणि इतिहास तिन्ही एकदमच पायउतार होतात. औरंगाबादेस किनारा नाहीं. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस साताऱ्याचे डोंगर, मधून वाहणारी लहानशी खाम नदी आणि पायाखालीं कातळ, एवढीच तिची पुंजी. तेथें या तिन्ही गोष्टी आपोआप एकत्र येत नाहींत. त्या लेखकास एकत्र आणाव्या लागतात.

आजपर्यंत हें काम मुख्यतः गॅझेटियरांवर सोंपविलें गेलें. निजाम सरकारनें १८८४ त औरंगाबादचें इंग्रजी गॅझेटियर छापविलें, व महाराष्ट्र राज्यानें त्याची सुधारलेली आवृत्ति १९७७ त काढली. या ग्रंथांचे उपकार कोणी नाकारूं नयेत. परंतु गॅझेटियर हें अधिकाऱ्याच्या सोयीसाठीं केलेलें कपाट आहे. एका कप्प्यांत भूगोल, दुसऱ्यांत इतिहास, तिसऱ्यांत लोक, आणि अखेरीस स्थळांची यादी. नव्यानें बदलून आलेल्या कलेक्टरास असें कपाट उपयोगी पडतें; त्याबद्दल कपाटास दोष देणें अन्यायाचें होईल. दोष आहे तो आमचाच. मराठींत पुढें या शहरावर लिहिणारांपैकीं बहुतेकांनीं त्या कपाटालाच घर समजून तीच रचना उचलली. प्रवाशांच्या माहितीपुस्तिका घ्या किंवा समारंभप्रसंगीं निघणारे गौरवग्रंथ घ्या. प्रथम अक्षांश-रेखांश व पाऊस, मग राजवटींची माळ, मग जातिधर्मांची टक्केवारी आणि शेवटीं मकबरा व पाणचक्की, ही क्रमवारी चुकावयाची नाहीं.

या क्रमवारीनें पहिलें नुकसान होतें तें पाण्याच्या हकीकतीचें. मलिक अंबरानें इ. स. १६१० त खडकी येथें निजामशाहीची राजधानी वसविली. हा पुरुष आफ्रिकेंत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तान व बगदाद यांच्या वाटेनें दख्खनेंत येऊन अहमदनगरच्या दरबारांत चढत चढत सर्वाधिकारी झाला. त्यानें राजधानीसाठीं निवडलेल्या गांवाच्या नांवांतच खडक होता. अशा जागीं राजधानीच्या वस्तीला पुरेल इतकें पाणी आणावयाचें कोठून? अंबरानें हर्सूलच्या बाजूस डोंगराच्या पायथ्याशीं जिरलेलें पाणी भुयारांत गोळा केलें आणि केवळ उताराच्या जोरावर शहरांत आणिलें. हीच नहरे-अंबरी. वाटेंत चुनेगच्ची मनोरे उभारिले. त्यांस लोक बंबे म्हणतात. नळांत कोंडलेली हवा त्यांतून निघून जाई व पाण्याचा दाब आवरला जाई. पुढें मोगलाईंत आणखी नहरी झाल्या. त्यांपैकीं एकीच्या पाण्यानें बाबा शाह मुसाफिर या बुखाऱ्याकडून आलेल्या सूफीच्या दर्ग्यांतील पाणचक्की फिरूं लागली आणि तेथें उतरणाऱ्या फकिरांचें पीठ निघूं लागलें.

आतां ही हकीकत भूगोलांत घालावी, इतिहासांत घालावी, कीं लोकांच्या प्रकरणांत? कपाटाच्या पद्धतीनें तिचे तीन तुकडे पडतात व एकही तुकडा बोलत नाहीं. वस्तुतः विषय एकच आहे. आफ्रिकेंतून आलेला वजीर, मध्य आशियांतून आलेला साधु आणि येथला कातळ यांच्या गांठीभेटींतून हें शहर झालें. आज तें पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर जगतें. तें पाणी उताराने येत नाहीं. यंत्रानें उपसून चढावर आणावें लागतें. नळाला रोज पाणी न येणें अलीकडच्या वर्षांत येथील गृहिणींच्या अंगवळणीं पडलें. उताराचें पाणी सोडून शहर उपशाच्या पाण्यावर कसें आलें, हें ज्या पुस्तकांत सांपडत नाहीं, त्यास आम्ही शहराचें वर्णन म्हणावयास तयार नाहीं.

दुसरें नुकसान लोकांचें. लोक म्हणजे शिरगणतीचे आंकडे, अशी समजूत करून घेतल्यामुळें आपण राहतों त्या पेठांचीं नांवें वाचावयाचेंही आम्ही विसरलों. अंबराच्या पदरचे मराठे सरदार खडकीस राहिले, तेव्हां मालोजीच्या नांवाचा मालपुरा, खेलोजीचा खेलपुरा, परसोजीचा परसपुरा व विठोजीचा विठापुरा अशा वस्त्या झाल्या, असें इतिहासकार सांगतात. मोगल आले व त्यांच्याबरोबर राजपूत आले. बिकानेरच्या कर्णसिंहाचा करणपुरा, त्याचा पुत्र पद्मसिंह याचा पदमपुरा, मिर्झा राजे जयसिंहांचा जयसिंगपुरा, बुंदीच्या भावसिंहाचा भावसिंगपुरा, बुंदेल्या पहाडसिंहाचा पहाडसिंगपुरा. दरवाजांचेंही तसेंच. उत्तरेस दिल्ली, पूर्वेस जालना, दक्षिणेस पैठण व पश्चिमेस मक्का! एका दिशेला साम्राज्याची गादी, दुसरीला व्यापाराची पेठ, तिसरीला नाथांचें क्षेत्र, चौथीला काबा. या शहरानें आपला भूगोल आपल्या दरवाजांवरच लिहून ठेविला आहे; वर्णनकारानें तो वाचावयाचा तेवढा राहिला आहे.

तिसरें नुकसान भाषेचें, आणि साहित्याच्या मासिकांत त्याचाच अधिक विचार व्हावयास पाहिजे. उर्दू गझलेचा आद्य पुरुष म्हणून ज्यास मान मिळतो तो वली, आणि त्याच्या पाठोपाठ अठराव्या शतकांत झालेला सिराज, यांचीं नांवें या शहराशीं निगडित आहेत. सिराज गझला लिहीत होता त्याच काळीं, त्याच शहरांत, मध्वमुनीश्वरांचे शिष्य अमृतराय कीर्तनांत आपले कटाव म्हणत होते. आणि त्या कटावांची झपाट्याची लय ऐकणारास येथल्या बाजाराची बोलीही ऐकूं येते. विसाव्या शतकांत मौलवी अब्दुल हक यांनीं याच शहरांतून अंजुमने तरक्किए उर्दूचा कारभार अनेक वर्षें चालविला. आणि १९१५ त येथेंच सरस्वती भुवन ही मराठी मुलांच्या शिक्षणाचा भार वाहणारी संस्था निघाली. उर्दू वाङ्मयाचा इतिहास लिहिणारांस अमृतराय ठाऊक नसतात, मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारांस सिराज ठाऊक नसतो. दोघेही एकाच नहरीचें पाणी पीत होते, ही साधी गोष्ट दोघांच्याही ग्रंथांत बसत नाहीं.

म्हणून आम्ही अशा ग्रंथांस एक कसोटी सुचवितों. पुस्तक उघडावें आणि त्यांत गुलमंडी कशी आली आहे तें पाहावें. पैठण दरवाजाकडून टिळक पथानें येणारा, औरंगपुऱ्याकडून येणारा आणि सिटी चौकाकडून मछली खडकावरून उतरणारा, असे तिघेही ज्या चौकांत एकमेकांस भेटतात, ती ही गुलमंडी. फार पाल्हाळ न करितां येथलीं नांवेंच पाहावीं. 'गुल' फार्सी, 'मंडी' हिंदुस्थानी. म्हणजे फुलांचा बाजार. परंतु येथला माणूस 'गुलमंडींत' जात नाहीं, तो 'गुलमंडीवर' जातो. जसें नदीवर जावें, घाटावर जावें, वेशीवर जावें. त्या 'वर' या एका प्रत्ययानें मराठीनें तो बाजार आपला करून घेतला. जवळच रंगार गल्ली आहे, कुंभारवाडा आहे. म्हणजे धंद्यांनीं वस्ती कशी वांटून घेतली होती, तें नांवांनीं जपून ठेविलें आहे. मछली खडकाचें नांव घेतांना जुन्या खडकीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. चौकांत सुपारी हनुमानाचें देऊळ आहे. दिवाळीच्या सुमारास कापडाच्या दुकानांपुढें पाय ठेवावयास जागा नसते, आणि गणपतिविसर्जनाची मिरवणूक येथूनच जाते. तीन भाषा, चार शतकें आणि सर्व जातींची गर्दी पन्नास पावलांच्या आंत ज्यास दिसत नाहीं, त्यानें मकबऱ्याच्या घुमटाचीं मापें कितीही बिनचूक दिलीं तरी त्याचा उपयोग मर्यादितच.

ही कसोटी आज लावण्याचें विशेष कारण आहे. हें शहर नांवें बदलत आलेलें आहे. खडकीचें फत्तेनगर झालें, १६५३ त शाहजादा औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत औरंगाबाद झालें, आणि २०२३ त छत्रपति संभाजीनगर झालें. नांव कोणतें असावें हा लोकांच्या भावनेचा व सरकारच्या निर्णयाचा प्रश्न आहे. त्यांत आम्ही येथें शिरत नाहीं. परंतु नांवाच्या वादाबरोबर इतिहासाचीही वांटणी करावी, अशी जी प्रवृत्ति दोन्ही बाजूंच्या लेखनांत दिसूं लागली आहे, ती मात्र साहित्यास घातक आहे. एक पक्ष मराठ्यांचें शहर लिहितो, दुसरा मोगलांचें. आणि दोहोंतही निम्में शहर रिकामें राहतें. खऱ्या वर्णनकारास हें परवडणार नाहीं. दहा वर्षांचे संभाजीराजे १६६७ त शाहजादा मुअज्जमाच्या भेटीस याच शहरीं आले होते, हें त्यास सांगावें लागेल. १६८२ त येथला कोट बांधला गेला तो मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीनें, हेंही सांगावें लागेल. आणि मकबऱ्याच्या दरवाजावर अताउल्ला व हंसपतराय हीं दोन नांवें बांधणारांचीं म्हणून आढळतात, हेंही गाळतां येणार नाहीं. ज्या कोटाच्या भिंतींत मराठ्यांचें भय चिणलेलें आहे, तो कोट मराठ्यांच्या इतिहासाबाहेरचा कसा म्हणावा?

यावर कोणी म्हणेल, एवढा भार एका चौकावर कशास? शहर मोठें झालें. १७६३ त राजधानी हैदराबादेस गेली तेव्हां जें ओस पडूं लागलें होतें, तें आज कारखान्यांनीं व नव्या वस्त्यांनीं कोटाबाहेर मैलोगणती पसरलें आहे. गुलमंडी आतां त्याचा एक कोपरा. हा आक्षेप अर्धा खरा आहे. नव्या वसाहतींचें वर्णन गुलमंडीवरून होणार नाहीं, आणि तें स्वतंत्रपणें व्हावयासच पाहिजे. परंतु कसोटीचा दगड सोन्याएवढा मोठा असावा लागत नाहीं. गुलमंडीसारख्या चौकांत भूगोल, लोक व इतिहास यांची गांठ कशी पडली, हें ज्यास उलगडतां आलें, तोच उद्यां कारखान्यांच्या वसाहतींत कोणत्या गांवचे मजूर कोणतें पाणी पिऊन राहतात, हें विचारण्याचें स्मरण ठेवील. ज्यानें येथें कप्पे केले, तो तेथेंही कप्पेच करील.

असा ग्रंथ लिहिणारास मोडी वाचतां आली पाहिजे, फार्सी-उर्दूचें वावडें असतां कामा नये, आणि नहरीच्या बंब्यांपासून पेठांतल्या हौदांपर्यंत पायीं हिंडण्याची तयारी पाहिजे. हीं तिन्ही एका माणसांत मिळणें कठीण असेल. मग दोघांतिघांनीं मिळून लिहावें. बंबे पडत आहेत, दरवाजांपैकीं कित्येक गेले, आणि जुन्या पेठांच्या नांवांचा अर्थ सांगूं शकणारीं म्हातारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. मुंबईस माडगांवकर मिळाले ते वेळेवर मिळाले. या शहराचा वर्णनकार जितका उशिरा येईल, तितकें त्यास लोकांना विचारून लिहितां येण्यासारखें कमी उरेल, आणि तितका तो पुनः त्या कपाटाकडेच वळेल.